झिजणारा गुडघा आणि दाहाचा निरोप



ज्या दुखण्याला डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात, त्याला आपण सरळ 'झीज' म्हणतो. हमाल असो, गवंडी असो की दिवसभर उभे राहून काम करणारा गिरणीकामगार असो, गुडघा धरला की त्याला एकच उत्तर मिळते : 'बेअरिंग झिजले, वय झाले.' मी कामगार चळवळीतला माणूस. वैद्यकाच्या शाळेत गेलेलो नाही. वाचून जे उमगले तेवढेच सांगतो. हे बेअरिंग जिवंत आहे, ही एक गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे पुढचे सारे उलगडते.

सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात. परंतु पेशी असतात. सांध्याला आतून एक मऊ आवरणही असते. १९७७ साली इंग्लंडात ऑनर फेल या विदुषीने व तिच्या सहकाऱ्याने डुकराच्या सांध्यातील हे आवरण आणि कूर्चा एकमेकांना न भिडवता, थोड्या अंतरावर वाढवली. जिवंत कूर्चा विरू लागली. आधीच मारलेली कूर्चा मात्र शाबूत राहिली. याचा अर्थ असा की, आवरणाकडून काही निरोप गेला आणि तो ऐकून कूर्चेच्या पेशींनीच आपले घर पाडायला घेतले. हा निरोप्या म्हणजे इंटरल्यूकिन-१ हे दाह चेतवणारे द्रव्य, असे पुढे सिद्ध झाले.

निरोप मिळाला की पेशी कूर्चा कातरणारी विकरे सोडतात. त्यांपैकी एकाचे नाव अ‍ॅडॅमटीएस-५. ज्यांच्या अंगी हे विकर निकामी केले होते, अशा उंदरांच्या गुडघ्यातील एक बंध २००५ साली अमेरिकन संशोधकांनी कापून सांधा डळमळीत केला. साध्या उंदरांची कूर्चा झिजली. यांची बरीचशी वाचली. त्यापूर्वी १९९६ साली कॅनडात, गुडघ्याचा बंध तोडलेल्या कुत्र्यांना इंटरल्यूकिन-१ चा मार्ग अडवणारे औषध सांध्यात टोचले, तेव्हा त्यांचीही झीज कमी झाली.

मग माणसाचे काय? तेच औषध १७० रुग्णांच्या गुडघ्यात एकदा टोचून पाहिले. २००९ साली निकाल आला : चार आठवड्यांनंतर औषधाचा गुण पाण्यासारख्या नकली सुईहून अधिक नव्हता.

असे का व्हावे? उंदीर तरुण, एकाच वाणाचा. त्याचा गुडघा एका दिवशी बिघडवलेला आणि उपचारही बहुधा आरंभीच सुरू केलेला. माणसाचे दुखणे वीस-वीस वर्षे मुरलेले. उंदराच्या बाबतीत आपण कूर्चा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. माणसाला विचारतो, 'दुखणे थांबले का?' हे दोन प्रश्न एक नव्हेत. शिवाय निरोप धाडणारे अनेक. एका खात्याने काम बंद ठेवले म्हणून सगळी गिरणी थांबत नाही, हे आम्हा संघटनेतल्या माणसांना कोणी शिकवायला नको.

तथापि वाट अगदीच बंद नाही. इंटरल्यूकिन-१ च्या एका प्रकाराला अडवणारे दुसरे एक औषध हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या सुमारे दहा हजार रुग्णांवर अजमावले गेले. औषध तीन महिन्यांतून एकदा, वर्षानुवर्षे दिले होते. त्याची आकडेवारी २०२० साली पुन्हा चाळली, तेव्हा औषध मिळालेल्यांत गुडघा वा खुबा बदलण्याची पाळी सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी आलेली आढळली. पण प्रयोग सांध्यासाठी आखलेला नव्हता. आणि प्राणघातक जंतुसंसर्गही वाढले होते. दाह हा शरीराचा पहारेकरीही आहे, हे विसरून चालणार नाही.

तोवर हाती काय उरते? भार. डळमळीत सांध्यावर पडणाऱ्या भारामुळेच त्या उंदरांचा गुडघा बिघडत गेला. वजन एक किलो उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे मोजमाप आहे. मांडीचे स्नायू बळकट केल्यानेही दुखणे उतरते. परंतु पोटासाठी वाहिलेला भार व्यायामाने उतरत नाही. ब्रिटनने २००९ साली कोळसा खाणकामगारांच्या गुडघ्याची ही झीज धंद्यातून होणारा रोग म्हणून भरपाईच्या यादीत घातली. 'वय झाले' हे उत्तर तिथे अपुरे ठरले. ते इथेही पुरे मानू नये, एवढेच माझे मागणे.