एक टीव्ही, चार यंत्रं आणि हरवलेलं चित्र



मागच्या व्याख्यानात आपण 'मूळ आणि नक्कल' हा विषय घेतला होता. ते संपल्यावर बाहेर चहा पिताना एका बाईंनी आम्हाला विचारलं, "सर, मूळ नि नक्कल समजलं. पण आमच्या नव्या मोठ्या टीव्हीवर चित्र जुन्या डबड्यापेक्षा वाईट दिसतं, ते कशामुळे?" मंडळी हसली. आम्ही मात्र हसलो नाही, कारण हाच प्रश्न बांद्याच्या आमच्या घरात चतुर्थीला पडून गेला होता. म्हणून आजचं व्याख्यान त्यावरच.

झालं असं. पुतण्या मुंबईहून ५५ इंची टीव्ही घेऊन आला. घरात आधीच डिशचा एचडी बॉक्स, डीव्हीडी प्लेअर, नातवाचा गेमचा खोका आणि एक जुना व्हीसीआर. व्हीसीआर टाकून द्यायचा नाही अशी वहिनींची सक्त ताकीद, कारण आमचे थोरले बंधू दशावतारात राजपार्टी होते, आणि जत्रेतल्या दहीकाल्याची १९९१ सालची एक कॅसेट तेवढी त्यांची उरली आहे. नातवंडांनी आजोबांना पाहिलेलं नाही. चतुर्थीच्या रात्री सगळ्यांनी बसून ती बघायची असं ठरलं.

जोडणी करायला आलेल्या पोराने सोपा मार्ग काढला. डिश आणि डीव्हीडी पिवळ्या पिनेने व्हीसीआरला, व्हीसीआर टीव्हीला. सगळं चालू झालं. डिशचं चित्र धुरकट, डीव्हीडी मध्येच उजळ मध्येच अंधारी. आणि कॅसेट लावली तर वहिनी दोन मिनिटं बघून म्हणाल्या, "हे ते नायतच." नि आत निघून गेल्या.

आता हे नेमकं का झालं, ते पायरीपायरीने बघू.

पहिली गोष्ट. चित्र टीव्हीत तयार होत नाही, ते टीव्हीपर्यंत चालत येतं. वाटेत सगळ्यात अरुंद जागा जी असेल, तेवढंच चित्र पुढे जातं. तिथे जे गळलं ते पुढचं कितीही महागडं यंत्र परत आणू शकत नाही. पोथीची नक्कल करताना एखादी ओळ सुटली, तर त्या नकलेवरून सोनेरी शाईने नक्कल केली तरी ती ओळ येणार आहे का? तसंच हे.

मग अरुंद जागा कुठली? बहुतेक घरांत ती पिवळी पिन असते. तिची थोडी हकीकत सांगायला हवी, कारण ती कुणाच्या मूर्खपणातून आलेली नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, ते कृष्णधवल. १९८२ साली रंग आले. तेव्हा ज्यांच्याकडे कृष्णधवल संच होते ते रातोरात बाद करायचे का? तर नाही. म्हणून रंगाची माहिती उजेड-अंधाराच्या माहितीतच विणून पाठवायची अशी पद्धत होती. पाल म्हणतात तिला, जर्मनीत १९६० च्या दशकात निघालेली. जुना संच रंगाकडे दुर्लक्ष करतो, नवा संच रंग वेगळे काढतो. तडजोड उत्तम होती. पण एकदा विणलेले दोन धागे पूर्ण सुटे होत नाहीत. म्हणून बारीक रेघांच्या लुगड्यावर नसलेले रंग नाचताना दिसतात आणि रंगाच्या कडेला ठिपके सरकत राहतात. पिवळ्या पिनेतून जातं ते हेच विणलेलं चित्र.

शिवाय तिची एक मर्यादा आहे. आपल्याकडच्या पद्धतीत तिच्यातून दिसणाऱ्या ५७६ ओळी जातात. डीव्हीडीचं चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. एचडीचं १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६००. भागून बघा, बरोबर पाचपट. म्हणजे आपण एचडीचे पैसे भरतो, बॉक्स एचडी चित्र तयार करतो, आणि पिवळ्या पिनेशी येऊन दर पाच ठिपक्यांतले चार टाकून देतो. बांद्यात आम्ही चार घरं फिरलो, दोन घरांत हेच. एकाने तर विचारलं, "सर, एचडी घेतलंय, मगे दिसता असा कित्याक?"

बाईंच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. जुन्या २१ इंची टीव्हीचा पडदा आणि ५५ इंचीचा पडदा यांत क्षेत्रफळाचा फरक सुमारे सहापट. तेवढेच ठिपके सहापट जागेवर पसरले की चित्र विरळ दिसणारच. टीव्ही वाईट नाही, तो लपवत नाही इतकंच.

दुसरी गोष्ट. यंत्रातून यंत्र जोडू नये. डिश व्हीसीआरमधून नेली की व्हीसीआरची गाळणी मध्ये आली. विकतच्या पुष्कळ डीव्हीडींवर कॉपी होऊ नये म्हणून एक खोडी घातलेली असते. ती व्हीसीआरला गोंधळात टाकते, आणि त्यामुळेच ती उजळ-अंधाराची उघडझाप. बिचाऱ्या डीव्हीडीचा काही दोष नव्हता.

तेव्हा नियम असा: प्रत्येक यंत्राला टीव्हीपर्यंत स्वतःची वाट, आणि त्या यंत्राला देता येईल तेवढी रुंद वाट. ज्याला एचडीएमआय आहे त्याला एचडीएमआयच. आमच्या टीव्हीला एचडीएमआयची दोन भोकं आणि पिवळ्या पिनेचं एक. एचडीएमआयवाली यंत्रं तीन: डिश, गेम, डीव्हीडी. मग एक कमी पडतं. इथे एचडीएमआयचा स्विच घ्यायचा. दुकानात नीट सांगा, स्विच. स्प्लिटर नव्हे. स्विच म्हणजे अनेक यंत्रं, एक टीव्ही. स्प्लिटर म्हणजे एक यंत्र, अनेक टीव्ही. दिसायला दोन्ही खोकी भावंडं, कामं उलटी.

स्विच चित्र खराब करतो का? चांगला असेल तर नाही, कारण या वायरीतून चित्र आकड्यांच्या रूपात जातं. आकडे पोचतात किंवा पोचत नाहीत. कमकुवत वायर असेल तर चांदण्यासारखे ठिपके चमकतात, किंवा पडदा काळा होतो. चित्र 'जरा फिकं' होत नाही. म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली महाग वायर घेऊन रंग खुलतील, ही अंधश्रद्धा. मात्र ४के चित्र सेकंदाला ६० वेळा हवं असेल, तर स्विच आणि वायर १८ गिगाबिटची हवी, नि साधी वायर पाचेक मीटरच्या आत ठेवावी. जुना स्विच मध्ये आला तर चित्र मुकाट्याने खालच्या दर्जावर येतं. म्हणून सगळ्यात भारी चित्र देणारं यंत्र थेट टीव्हीला लावा, आणि स्विचवर साधी दोन. आमच्याकडे गेम थेट, डिश आणि डीव्हीडी स्विचवर, आणि व्हीसीआर एकटा पिवळ्या पिनेवर. त्याच्याकडे दुसरी वाट नाही, आणि त्याला ती पुरतेही.

तिसरी गोष्ट, सेटिंग. वायर बदलून लोक थांबतात. डिशच्या बॉक्सच्या मेनूत जाऊन चित्र १०८० वर आहे का बघा, पुष्कळदा ते ५७६ वरच राहिलेलं असतं. टीव्हीत प्रत्येक इनपुटचं सेटिंग वेगळं असतं, एकदा केलं म्हणजे सगळीकडे झालं असं नाही. शार्पनेस चढवला की तपशील वाढत नाही, कडांना खोटी किनार येते. आणि पडद्याचं प्रमाण. जुनं चित्र चारास तीन, नवा पडदा सोळास नऊ. टीव्ही ते ताणून बसवतो आणि माणूस तिसऱ्या हिश्श्याने रुंद होतो.

इथे आम्हाला वहिनींचं वाक्य कळलं. बंधू सडपातळ, उंच. पडद्यावर होता तो एक बुटका, जाडा, रंग विटलेला राजा. वहिनींना ठिपके मोजता येत नाहीत, पण चूक त्यांनीच अचूक ओळखली होती.

पुतण्याने जाहिरातीतला एक उपाय सुचवला: चित्र सुधारणारं खोकं. मंडळी, इथे तत्त्वज्ञानाच्या मास्तराला बोललंच पाहिजे. व्हीएचएस कॅसेटवर आडव्या दिशेने साधारण २४० रेघांइतकाच तपशील असतो. ते खोकं बाकीचं अंदाजाने भरतं. भिंतीच्या बाबतीत अंदाज चालेल. चेहऱ्याच्या बाबतीत, जो माणूस आता नाही त्याच्या डोळ्यांच्या बाबतीत, अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. अस्पष्ट पण खरं, आणि स्पष्ट पण कल्पित, यांत काय निवडायचं ते आपण ठरवावं. यंत्राला ठरवू देऊ नये.

आणि घाई एका गोष्टीची करावी. आपल्या पावसाळ्यात कॅसेटच्या फितीवर बुरशी धरते. पांढरे डाग दिसले तर ती मशीनमध्ये घालू नका, मशीनचं हेडही जाईल, जाणकाराकडे द्या. नवे व्हीसीआर २०१६ पासून कुणी बनवत नाही. तेव्हा चालू मशीन आहे तोवर कॅसेट संगणकावर उतरवून घ्या. आहे तशी, ७२० गुणिले ५७६, मोठी न करता. फितीची नक्कल दर खेपेला फिकी होते, आकड्यांची होत नाही. म्हणून दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत.

आम्ही व्हीसीआर थेट जोडला, प्रमाण चारास तीन केलं, शार्पनेस उतरवला. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले, चित्र लहान झालं. नातू म्हणाला, "आजोबा, अर्धा टीव्ही फुकट गेला." वहिनींना हाक मारली. त्या पदराला हात पुसत दारातच उभ्या राहिल्या. बंधूंचा प्रवेश झाला, पेटीचा सूर आला. बऱ्याच वेळाने वहिनी म्हणाल्या, "आता दिसले." आणि येऊन बसल्या.

तुमच्या घरी आज रात्री एवढंच करा: टीव्हीच्या मागे बॅटरी मारून बघा, पिवळ्या पिनेत कोण आहे ते. प्रश्न असतील तर पुढल्या खेपेला आधी तेच घेऊ. नमस्कार.