जुन्या घरगुती चित्रफितींची सुधारणा आणि पुराव्याची मर्यादा

जुनी चित्रफीत ‘सुधारणे’ या एका क्रियापदाखाली आज तीन भिन्न क्रिया सरसकट घातल्या जातात. फितीवर जे आहे ते पूर्णपणे उतरवून घेणे ही पहिली. त्यात बाहेरून मिसळलेला दोष वेगळा काढणे ही दुसरी. आणि जे तेथे मुळातच नाही ते नव्याने भरणे ही तिसरी. सोयीसाठी त्यांना अनुक्रमे वाचन, शोधन व पूरण असे म्हणता येईल. पडद्यावर तिन्हींचे फळ सारखेच दिसते, म्हणजे चित्र अधिक रेखीव होते. परंतु पुरावा या दृष्टीने त्यांची योग्यता अगदी निराळी आहे.

हा विचार भाषेच्या अभ्यासकासही टाळता येणार नाही. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या अनुषंगाने १९१३ ते १९२९ या काळात हिंदुस्थानातील अनेक भाषांची व बोलींची ग्रामोफोन मुद्रणे झाली. त्यांत आवाज आहे, पण बोलणाऱ्याचे मुख नाही. शिवाय उधळ्या पुत्राच्या कथेसारखा मजकूर पुष्कळदा नेमून दिलेला. याउलट १९८० नंतर घरोघरी आलेल्या व्हिडिओ कॅमेऱ्याने बारशी, लग्ने, मंगळागौरी आणि ओटीवरच्या गप्पा टिपल्या. त्यांत आजी नातवाशी बोलते, ती कोणा संशोधकासाठी नव्हे. ती पिढी आता बव्हंशी उरलेली नाही, आणि तिच्या घरच्या बोलीचा सचित्र पुरावा एवढ्या फितींतच आहे.

त्या पुराव्याची मूळ इयत्ता प्रथम ध्यानी घ्यावयास हवी. भारतात रूढ असलेल्या पाल पद्धतीत चित्राच्या ६२५ रेषा असून त्यांपैकी ५७६ दृश्य असतात. सेकंदाला २५ चित्रे येतात. पण प्रत्येक चित्र दोन अर्धांत विभागलेले असते. एका अर्धात विषम रेषा व दुसऱ्यात सम रेषा येतात, आणि हे दोन अर्ध एकाच क्षणाचे नसतात. त्यांच्यात एक पन्नासांश सेकंदाचे अंतर असते. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणलेल्या व्हीएचएस फितीवर आडव्या दिशेने सुमारे २४० रेषांइतकाच तपशील मावतो. रंगाची माहिती त्याहूनही कितीतरी स्थूल असते. नवऱ्या मुलीच्या शालूचा तांबडा रंग काठाबाहेर ओघळल्यासारखा दिसतो, त्याचे कारण हेच.

पहिली क्रिया वाचनाची. येथे संगणकापेक्षा फीत चालविणाऱ्या यंत्राचे महत्त्व अधिक. यंत्राची वाचनशीर्षे स्वच्छ असावीत. उजेडाची व रंगाची माहिती वेगवेगळ्या तारांनी नेणारी एस-व्हिडिओ जोडणी असावी. आणि टाइमबेस करेक्टर हे उपकरण मध्ये असावे. फीत ओढली जाताना वेगात सूक्ष्म चढउतार होतात, त्यामुळे प्रत्येक रेषा किंचित मागेपुढे सुरू होते व दाराची उभी चौकट नागमोडी दिसते. हे उपकरण प्रत्येक रेषा तिच्या ठरलेल्या जागी आणून बसविते. उतरविलेले चित्र शक्य तर माहिती न गाळणाऱ्या स्वरूपात ठेवावे. असंकुचित स्वरूपात एका तासाला सुमारे ७५ गिगाबाइट जागा लागते. एफएफव्ही१ यासारख्या अक्षत संकोचनाने ती पुष्कळच कमी होते, आणि एक बिंदूही गमवावा लागत नाही. फुनाई या जपानी कंपनीने २०१६ मध्ये व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन थांबविल्यापासून चालू स्थितीतील यंत्रे वर्षागणिक कमीच होत आहेत. कोकणासारख्या दमट हवेत फितीला बुरशीही लवकर धरते. यास्तव वाचन लांबणीवर टाकणे म्हणजे पुष्कळदा ते कायमचे गमावणे होय.

दुसरी क्रिया शोधनाची. तिच्यात दोन गोष्टी मुख्य आहेत. एक, अर्धचित्रांचा उलगडा. दोन अर्ध एकत्र चिकटविले की हलणाऱ्या वस्तूच्या कडेला कंगव्याचे दाते उमटतात. ते घालविण्यासाठी पुष्कळ ठिकाणी एक अर्ध टाकूनच देतात. चित्र गुळगुळीत होते, पण काळाचा निम्मा पुरावा नाहीसा होतो. ‘प’, ‘ब’, ‘म’ यांच्या उच्चारात ओठ मिटलेले असण्याचा काळ साधारणतः एक दशांश सेकंद किंवा त्याहूनही थोडा असतो. सेकंदाला २५ चित्रे ठेवली तर त्या मिटण्याची दोनच चित्रे हाती लागतात. प्रत्येक अर्धाचे स्वतंत्र चित्र करून ५० ठेवली तर चार-पाच. दुसरी गोष्ट म्हणजे चित्रातील मुंग्या कमी करणे. त्या यदृच्छ असतात. म्हणून एकाच स्थिर दृश्याच्या १६ चित्रांची सरासरी घेतली तर त्या एक चतुर्थांशावर येतात, आणि खालचा खरा तपशील वर येतो. परंतु ही रीत स्थिर वस्तूलाच साजते. भिंत स्वच्छ होते, देव्हारा स्वच्छ होतो; बोलणारे ओठ मात्र पुसट होण्याचा धोका असतो.

तिसरी क्रिया पूरणाची. आजचे बहुतेक आकर्षण हिचेच आहे. चारास तीन प्रमाणाचे जुने चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे. ते आजच्या मोठ्या पडद्यासाठी २८८० गुणिले २१६० केले की बिंदू १५ पट होतात. अर्थात दर १५ बिंदूंपैकी १४ बिंदू फितीवरून आलेले नसून गणिताने बसविलेले असतात. पूर्वीचे गणित शेजारच्या बिंदूंची सरासरी काढी. त्यामुळे चित्र मोठे पण मऊ होई, आणि त्याचे अज्ञान उघड राही. २०१४ मध्ये हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठातील संशोधकांनी बहुस्तरीय न्यूरल जालाने हे काम करून दाखविले आणि दिशा पालटली. असे जाल हजारो स्पष्ट चित्रे व त्यांच्या अस्पष्ट प्रती यांची तुलना करून शिकते, आणि पुढे अस्पष्ट चित्र आले की बहुधा येथे काय असेल ते रेखाटते. त्याचे उत्तर संभवनीय असते; पण जे संभवनीय ते घडलेलेच असते असे नाही. २०२० मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात सिद्ध झालेल्या पल्स या पद्धतीला बराक ओबामा यांचे अस्पष्ट छायाचित्र दिले असता तिने एका गोऱ्या माणसाचा रेखीव चेहरा तयार केला, आणि त्यावर मोठा वाद झाला. चित्रात धूसरता नव्हती. माणूसच बदलला होता.

ओठांच्या बाबतीत ही चूक अधिक सूक्ष्म, म्हणून अधिक घातक ठरते. १९७६ मध्ये मॅगर्क व मॅक्डोनाल्ड यांनी दाखविले की, कानावर ‘बा’ आणि डोळ्यांपुढे ‘गा’ म्हणणारे मुख असे एकत्र आले तर पुष्कळांना ‘दा’ ऐकू येते. सारांश, श्रवण हे केवळ कानाचे काम नाही. जालाने परक्या चेहऱ्यांवरून बेतलेली ओठांची ठेवण आजीच्या मुखावर बसविली, तर अभ्यासकास आजीचा उच्चारही वेगळा ऐकू येण्याचा संभव आहे, आणि तो आपल्याला ऐकू आला याबद्दल त्याला शंकाही येणार नाही.

यावर तोडगा ग्रंथसंपादनाच्या शास्त्रात पूर्वीच सापडलेला आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत जो पाठ निःसंशय नाही त्याखाली नागमोडी रेघ आहे, आणि संपादकाने स्वतः सुधारलेल्या पाठाला तारांकन आहे. सुखटणकरांसारख्या संपादकाने पाठ सुधारले नाहीत असे नव्हे. पण कोठे सुधारले ते वाचकापासून लपविले नाही. चित्रफितीलाही हाच न्याय लागू करावा. मूळ उतारा अक्षत ठेवावा. शोधित प्रत व पूरित प्रत वेगळ्या नावांनी ठेवाव्यात. कोणती प्रक्रिया कोणत्या क्रमाने केली ते प्रत्येकीबरोबर नोंदवावे. घरच्या मंडळींनी पूरित प्रत कौतुकाने पाहावी, त्यात काहीच वावगे नाही. उच्चाराचा निर्णय मात्र मूळ उताऱ्यावरूनच व्हावा. आणि तेथे ओठ पुसट असतील, तर पुसट असे लिहिणे हाच अचूक निर्णय होय.