तांबं किती, सोनं कशाला?

विंचूरला लग्नाचा मंडप पडला, की अ‍ॅम्प्लिफायर एका टोकाला आणि शेवटचा स्पीकर पन्नास मीटर लांब असू शकतो. केबलवर पैसे खर्चायचे ते इथे. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओहम. जाऊन-येऊन १०० मीटर तार, म्हणजे १.२ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरला ती जोडली, तर सुमारे १३ टक्के शक्ती तारेतच उष्णता होऊन जाते. ४ चौरस मिलिमीटरची तार घेतली, की हाच तोटा ५ टक्क्यांवर येतो. त्यासाठी नावाजलेली केबल लागत नाही. विजेच्या दुकानातली जाड तार पुरते. फक्त ती खरंच तांब्याची हवी. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तारही बाजारात मिळते, आणि तिचा रोध जवळपास दीडपट असतो. टोक चाकूने खरवडा. आतून पांढरी निघाली, तर परत करा.

घरातल्या तीन-चार मीटर तारेत हा तोटा कानाला जाणवतच नाही. तरीही तिथे हजारोंची केबल गळ्यात मारतात, याचा मला राग येतो. त्या पैशात चांगला स्पीकर येतो.

एचडीएमआय केबलचं गणित निराळं. तिच्यातून अंक धावतात. ते नीट पोहोचले, तर महागड्या केबलचं चित्र स्वस्तापेक्षा तसूभरही उजवं नसतं; बिघडलं, तर ठिपके चमकतात किंवा पडदा काळा होतो. सोन्याचा मुलामा गंज रोखतो, रंग खुलवत नाही. सेकंदाला ६० चौकटींच्या ४के चित्रासाठी १८ गिगाबिट वेग लागतो. वेष्टनावर तेवढा पाहून घ्या.