स्तनात गाठी अनेक, काखेचे काय?

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. स्तनातील रसाचा निचरा तसाच मुख्यतः काखेतील रसग्रंथींत होतो. म्हणून स्तनाचा कर्करोग पसरू लागला, की बहुधा आधी काख गाठतो.

एकाच स्तनात कर्करोगाच्या दोन-तीन गाठी निघाल्या, की भुसावळच्या माझ्या दवाखान्यात नातेवाईक हमखास विचारतात, "आता काखेतले सगळेच काढणार ना?" पूर्वी बहुधा तसेच करीत. पण गाठी अनेक असल्या तरी साऱ्या स्तनाचा निचरा बहुतेक वेळा आधी त्याच एक-दोन ग्रंथींकडे जातो. शस्त्रक्रियेच्या वेळी स्तनाग्राजवळ निळा रंग टोचतात; तो प्रथम पोहोचेल त्या 'पहारेकरी' ग्रंथी काढून तपासतात. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली अनेक गाठी असलेल्या स्त्रियांनाही ही तपासणी चालते, असे सांगितले. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने काखेच्या खालच्या भागातील ग्रंथींचा नमुना घेण्याची सोपी पद्धतही पडताळली आहे.

ग्रंथी निर्दोष निघाल्या तर बाकीच्या राहू देतात. हा लाभ लहान नव्हे. सगळ्या काढल्यावर काही जणींचा हात कायमचा सुजतो. आणि केळीच्या बागेत राबणाऱ्या, भाकरी थापणाऱ्या बाईला तो हातच तर हवा!

अनेक गाठींत काखेत रोग असण्याची शक्यता थोडी अधिक असते, म्हणून तपासणी मात्र टाळू नये. काखेत गाठ हाताला लागत असेल, तर आधी सोनोग्राफी व सुईची तपासणी करावी. नसेल, तर शस्त्रक्रियेपूर्वीच सर्जनना विचारावे, "पहारेकरी ग्रंथी तपासणार का?"