यकृताची वाट पाहताना

“मॅडम, आमचा नंबर कितवा?”

प्रत्यारोपण समन्वयकाच्या टेबलासमोर बसलेल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. सातारा जिल्ह्यातील एका शेतकऱ्यानेही तोच विचारला. त्याची पत्नी ४६ वर्षांची, अंगणवाडी सेविका. दारूचा थेंबही कधी न घेतलेली. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याने तिला सिरॉसिस झाला होता. पोटात पाणी साठत होते आणि एकदा रक्ताची मोठी उलटीही होऊन गेली होती. नवऱ्याच्या यकृतात चरबी जास्त निघाली, थोरल्या मुलाचा रक्तगट जुळला नाही, धाकटा अजून १८ वर्षांचा नाही. म्हणून मरणोत्तर दात्याच्या यकृतासाठी पुण्यात तिचे नाव नोंदवले. त्याला आठ महिने झाले होते. या आठ महिन्यांत आपण किती पुढे सरकलो, एवढेच त्याला जाणून घ्यायचे होते.

समन्वयकाचे उत्तर पचायला जड होते. ही यादी रेशनच्या दुकानापुढच्या रांगेसारखी नाही. आधी आला म्हणून आधी मिळेल, असे इथे होत नाही. आज तिसऱ्या जागी असलेले नाव पुढच्या आठवड्यात सहावे होऊ शकते आणि एखाद्या रात्री पहिलेही.

जास्त आजारी, तो आधी

मूत्रपिंडे निकामी झाली तर डायलिसिसवर रुग्ण काही वर्षे काढू शकतो. यकृताची जागा दीर्घकाळ घेईल असे यंत्र अजून नाही. अमोनियासारखी विषारी द्रव्ये निकामी करणे, रक्त गोठवणारी प्रथिने तयार करणे, साखरेचा साठा सांभाळणे ही सगळी कामे यकृत एकाच वेळी करते. ते थकले की थांबायला फारसा वेळ नसतो. म्हणून यकृताच्या वाटपात नोंदणीच्या तारखेपेक्षा आजाराच्या तीव्रतेला अधिक वजन दिले जाते.

अमेरिकेत पूर्वी किती दिवस वाट पाहिली यालाही महत्त्व होते. त्यामुळे फारसे आजारी नसलेल्यांचीही नावे लवकर नोंदवली जात. २००२ मध्ये तिथे ‘मेल्ड’ नावाची गुणपद्धती लागू झाली. रक्तातील बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याचा वेळ दाखवणारा आयएनआर या तीन साध्या तपासण्यांवरून ६ ते ४० यांमधला एक आकडा काढला जातो. पुढे त्यात सोडियमचीही भर पडली. आकडा जितका मोठा, तितका पुढच्या तीन महिन्यांतला धोका मोठा. रुग्णालयात दाखल असलेल्या ज्या रुग्णांचे गुण २० ते २९ होते, त्यांच्यापैकी साधारण पाचात एक जण तीन महिन्यांत दगावत असल्याचे सुरुवातीच्या अभ्यासात दिसले. गुण १५ पेक्षा कमी असतील, तर बहुतेक वेळा शस्त्रक्रियेचा धोकाच आजाराच्या धोक्यापेक्षा जास्त ठरतो.

महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांमार्फत अवयवांचे वाटप होते. आजाराची तीव्रता, रक्तगट, दाता ज्या रुग्णालयात आहे तिथे नोंदलेले रुग्ण, अशा बाबी ठरलेल्या नियमांनुसार पाहिल्या जातात. चार दिवसांपूर्वी साधी कावीळ वाटलेला एखादा तरुण अचानक बेशुद्ध झाला, तर त्याचे नाव अतितातडीच्या यादीत जाते आणि इतरांच्या आधी त्याचा विचार होतो. त्याच्याकडे महिने नसतात, काही तास किंवा दिवस असतात.

ही पद्धत न्याय्य आहे, पण अचूक नाही. क्रिएटिनिन स्नायूंतून येते. बारीक अंगकाठीच्या बाईचे स्नायूच कमी असतात, त्यामुळे मूत्रपिंडे थकलेली असूनही तिचा आकडा ठीकठाक दिसू शकतो. अशा बायका यादीत हकनाक मागे राहतात, हे लक्षात आल्यावर अमेरिकेने २०२३ मध्ये सूत्रात बदल केला आणि स्त्रियांना थोडे जादा गुण दिले. यकृतात कर्करोगाची छोटी गाठ असलेल्यांचेही तसेच. त्यांचे रक्त बरेच दिवस चांगले दिसते, पण गाठ वाढली तर प्रत्यारोपणाची संधीच निघून जाते. अशांसाठी अनेक ठिकाणी वेगळी तरतूद असते.

घरच्यांची मात्र विचित्र कोंडी होते. गुण वाढले की यकृत मिळण्याची शक्यता वाढते आणि रुग्ण गमावण्याचीही. रिपोर्ट हातात आल्यावर आनंद मानावा की धास्ती घ्यावी, हे कळत नाही.

फोन आला, पण…

नवव्या महिन्यात रात्री साडेअकराला फोन वाजला. “यकृत मिळण्याची शक्यता आहे. काही खाऊ-पिऊ देऊ नका, लगेच निघा.” शेजाऱ्याची गाडी काढून कुटुंब पुण्याला पोहोचले. रक्त घेतले, एक्स-रे झाला, संमतिपत्रांवर सह्या झाल्या. पहाटे पाचला डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, “आज होणार नाही.”

अशा वेळी पहिली शंका येते ती वशिल्याची. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कारण दात्याच्या पोटात असते. दाता दुसऱ्या रुग्णालयात असतो. तिथे शल्यचिकित्सक पोट उघडून यकृत डोळ्यांनी पाहतात, हाताने तपासतात, गरज पडल्यास तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्यात चरबी फार असेल, तर ते नव्या शरीरात कामच सुरू न करण्याची भीती असते. असे यकृत बसवण्यापेक्षा रुग्णाला परत पाठवणे सुरक्षित. काही वेळा दुसऱ्या क्रमांकाच्या रुग्णालाही राखीव म्हणून बोलावले जाते, कारण पहिल्याला ऐनवेळी ताप निघाला तर नवा रुग्ण शोधण्याइतका वेळ हातात नसतो. काढलेले यकृत बर्फात साधारण १२ तासांपर्यंतच टिकते आणि जितके लवकर बसेल तितके चांगले.

दोन-तीन वेळा असे परत जावे लागलेले रुग्ण पुष्कळ आहेत. म्हणून तयारी कायम हवी. दोन मोबाइल क्रमांक नोंदवलेले, दोन्ही रात्री चालू. गाडी कोणाची आणि चालवणार कोण, हे ठरलेले. फाइल आणि औषधे एका पिशवीत. खर्चाची जुळवाजुळवही फोन येण्याआधीची. खासगी रुग्णालयात हा खर्च २० लाखांच्या पुढे सहज जातो. मुख्यमंत्री सहायता निधी, धर्मादाय रुग्णालयांतील निर्धन रुग्णांसाठी राखीव खाटा, सेवाभावी संस्था यांचे अर्ज वैद्यकीय समाजसेवकाच्या मदतीने नोंदणीच्या दिवसापासूनच सुरू करावेत.

वाट पाहणे हाही उपचारच

यकृत कधी मिळेल हे कोणाच्या हातात नाही. ते मिळेल त्या रात्री रुग्ण शस्त्रक्रिया झेपण्याच्या स्थितीत असेल का, हे मात्र बऱ्याच अंशी घरात ठरते.

पहिली चूक जेवणात होते. काविळीचे पथ्य म्हणून घरोघर तेल, तूप, डाळ, दूध बंद होते आणि उसाचा रस, साखरेचे पाणी आणि उकडलेल्या भाज्या तेवढ्या उरतात. सिरॉसिसच्या रुग्णासाठी हे घातक आहे. त्याचे स्नायू आधीच झिजत असतात आणि स्नायू गेले की शस्त्रक्रियेनंतर खोकायची, उठून बसायची ताकदही राहत नाही. शिवाय स्नायूही काही प्रमाणात अमोनिया साफ करतात. अशा रुग्णाला दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. डाळी, उसळी, दूध, दही, पनीर, चालत असल्यास अंडी, यांतून ती भागवायची.

दुसरी चूक उपवासाची. आजारी यकृतात साखरेचा साठा नसतो. एका रात्रीच्या उपाशीपणाचा परिणाम अशा शरीरावर धडधाकट माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या कडकडीत उपवासाइतका होतो. शरीर मग स्नायू वितळवून गरज भागवते. त्यामुळे एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार काही काळ बाजूला ठेवावेत, आणि रोज झोपण्यापूर्वी काहीतरी खावे. दूध-पोहे, नाचणीची पेज, दोन बेसनाचे लाडू, काहीही चालेल. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारून.

मीठ मात्र मोजून. पोटात पाणी असेल, तर दिवसभराचे सगळे मिळून चहाचा एक सपाट चमचा. पापड, लोणचे, ठेचा, फरसाण यांतच तो संपतो.

औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामके धोक्याची. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांनी मूत्रपिंडे बंद पडू शकतात. झोपेच्या गोळ्या आणि काविळीवरची गावठी औषधेही नकोत.

काही खुणा घरच्यांनाच आधी दिसतात. दिवसा पेंग आणि रात्री टक्क जाग, शर्टाची बटणे चुकीची लागणे, अक्षर बिघडणे, चहात मीठ टाकणे. मेंदूवर अमोनियाचा परिणाम सुरू झाल्याच्या या खुणा आहेत. बद्धकोष्ठतेने त्या वाढतात. लॅक्टुलोजचे औषध केवळ पोट साफ होण्यासाठी दिलेले नसते, आणि दिवसातून दोन-तीनदा मऊ शौच होईल इतके ते घ्यावेच लागते. ताप, पोटात दुखणे, काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे.

या सगळ्याचे कधी कधी अनपेक्षित फळ मिळते. दारू पूर्ण सुटलेल्या किंवा हिपॅटायटिस बी-सीची औषधे नियमित घेतलेल्या काही रुग्णांचे यकृत इतके सावरते की प्रत्यारोपणाची गरजच उरत नाही. यादीतून नाव कमी होण्याचे याहून चांगले कारण नाही.

घरातला दाता

भारतात बहुतांश यकृत प्रत्यारोपणे जिवंत दात्याकडून होतात. प्रौढ रुग्णासाठी सहसा दात्याच्या यकृताचा उजवा भाग, म्हणजे अर्ध्याहून अधिक यकृत काढतात. उरलेले दोन-तीन महिन्यांत जवळजवळ पूर्ववत आकाराचे होते. तरीही ही धडधाकट माणसावरची मोठी शस्त्रक्रिया आहे. उजवा भाग देणाऱ्या हजार दात्यांत दोन ते पाच मृत्यू, असा धोका जगभर मानला जातो. जिवंत दात्यांत बायका, आया, बहिणी जास्त दिसतात. नाही म्हणण्याची मोकळीक त्यांना खरेच आहे का, हे नातेवाइकांना बाहेर बसवून विचारले पाहिजे. दात्याने नकार दिला, तर तो गुप्त ठेवणे हे डॉक्टरांचे काम आहे.

रक्तगट न जुळणाऱ्या दोन कुटुंबांनी दात्यांची अदलाबदल करण्यालाही कायद्याची मान्यता आहे. साताऱ्याच्या या कुटुंबाने तशी नोंदणी केली आहे. जुळणारी जोडी अजून सापडलेली नाही.

दुसऱ्या रुग्णालयातील कुटुंब

उरतो तो मरणोत्तर दाता. १९९४ च्या कायद्याने भारतात मेंदूमृत्यूला मान्यता दिली. डोक्याला जबर मार लागलेल्या किंवा मेंदूत रक्तस्राव झालेल्या माणसाचे हृदय यंत्राच्या आधारे चालू असते, पण मेंदू कायमचा थांबलेला असतो. चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या करते. व्हेंटिलेटरपासून वेगळे केल्यावर स्वतःहून श्वास येतो का, हेही पाहते. प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांना या मंडळात जागा नसते. ही बेशुद्धी नव्हे, हा मृत्यू आहे.

अशा दात्यांची संख्या देशात २०२३ साली प्रथमच हजाराच्या वर गेली. १४० कोटींच्या देशात याचा अर्थ दहा लाखांमागे एक दाताही नाही. मेंदूमृत्यूची वेळेत नोंद न होणे हे त्याचे एक कारण, आणि घरच्यांना काय करावे हे न सुचणे हे दुसरे. दानाचे कार्ड भरलेले असले तरी प्रत्यक्षात विचारले जाते ते नातेवाइकांनाच. अपघातानंतरच्या त्या तासांत, छाती खालीवर होताना दिसत असताना, “त्याची काय इच्छा होती?” याचे उत्तर आधी बोलणे झाले असेल तरच देता येते.

तो शेतकरी आता नंबर विचारत नाही. त्याच्या खिशात एक छोटी वही असते. तिच्यात बायकोचे वजन, औषधाच्या वेळा आणि रात्री दहाला तिने काय खाल्ले याच्या नोंदी असतात. दोन्ही फोन उशाशी असतात. पुढचा फोन कधी येईल, हे समन्वयकालाही सांगता येत नाही. तो ज्या होकारावर अवलंबून आहे, त्याविषयी कुठल्याशा घरात अजून बोलणेही झालेले नाही. आज रात्री जेवताना ते आपल्या घरात होऊ शकते.