मृत सैनिकाचे नाव : स्मृतिशिळेची भाषा

३.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणास –
• स्मृतिशिळेवरील मजकूर हा भाषाव्यवहाराचा स्वतंत्र प्रकार कसा आहे, हे सांगता येईल.
• थडगे, समाधी, वीरगळ या शब्दांतील अर्थभेद स्पष्ट करता येईल.
• नाव, संख्या आणि क्रियापद यांच्या निवडीमागील दृष्टी ओळखता येईल.

३.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, दगडावर कोरलेला चार ओळींचा मजकूर हाही भाषाव्यवहारच असतो. ग्रंथाला पाने वाढविता येतात; दगडाला जागा मोजकीच असते. त्यामुळे तेथे काय कोरले आणि काय वगळले, या दोन्ही गोष्टी अर्थपूर्ण ठरतात. युद्धात मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या स्मृतिशिळांचा विचार या घटकात आपण याच दृष्टीने करणार आहोत.

कल्याण-डोंबिवली परिसरातील विद्यार्थ्यांना हा विषय परका नाही. आजचे उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ‘कल्याण कॅम्प’ ही लष्करी छावणी. फाळणीनंतर तेथील बराकींत सिंधी निर्वासितांची वस्ती झाली. तरी ‘कॅम्प नंबर’ हा प्रयोग तेथील पत्त्यांत अद्याप टिकून आहे. छावणीची आठवण अशी बोलण्यात उरली. सैनिकांची आठवण कोठे आणि कोणत्या शब्दांत उरते, हा आपला प्रश्न आहे.

३.३ विषय-विवेचन

३.३.१ थडगे, समाधी, वीरगळ

‘थडगे’ हा शब्द पुरलेल्या जागेवरील बांधकामाचा निर्देश करतो. त्याच अर्थाचा ‘कबर’ हा शब्द अरबीतून आला. ‘समाधी’चा मूळ अर्थ चित्ताची एकाग्र अवस्था. संतांच्या ‘समाधी घेण्या’वरून तो त्या स्थळाला लागू झाला आणि पुढे राजे व वीर यांच्या स्मारकांनाही. हे अर्थविस्ताराचे ठळक उदाहरण होय.

‘वीरगळ’ हा शब्द कन्नडमधील ‘वीरगल्लु’ या शब्दाशी निगडित आहे. ‘कल्लु’ म्हणजे दगड. समासात ‘क’चा ‘ग’ झाला. वीरगळाखाली देह असतोच असे नाही. तो वीराच्या मरणाची चित्रकथा सांगतो : खालच्या चौकटीत युद्ध, वर अप्सरांनी स्वर्गी नेलेला वीर आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. बोरिवलीजवळील एकसर हे गाव पूर्वी ठाणे जिल्ह्यात मोडत असे. तेथील प्रसिद्ध वीरगळांवर नौकांचे युद्ध कोरलेले आहे. महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर मात्र अक्षरे नाहीत. नाव सांगण्याचे काम गावाच्या स्मरणावर सोपविलेले असे. ते स्मरण तुटले की वीर अनामिक होतो. अनेक ठिकाणी तो शेंदूर लावलेला देव म्हणून पुजला जातो.

३.३.२ खडकी येथील युद्ध-दफनभूमी

वीरगळाच्या उलट टोकाची व्यवस्था पुण्यालगत खडकी येथे पाहावयास मिळते. पश्चिम व मध्य भारतातील ज्या थडग्यांची कायमची निगा राखणे शक्य नव्हते, ती येथे हलविण्यात आली. दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ राष्ट्रकुल सैनिकांची थडगी येथे आहेत. त्याच आवारातील स्मारकावर पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मृत्यू पावलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांची नावे आहेत. त्यांची मूळ थडगी निरनिराळ्या गावांच्या दफनभूमींत होती.

या स्थळाची देखभाल करणाऱ्या युद्ध-थडगी आयोगाची स्थापना १९१७ साली झाली. हुद्दा, वंश वा धर्म यांनुसार भेद करू नये, हे त्याचे घोषित तत्त्व. शिळेवर पलटणीचे चिन्ह, सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, मृत्युदिनांक आणि वय असा ठरलेला क्रम असतो. या अधिकृत मजकुरात क्रियापदाला स्थान नाही. तो केवळ नामांचा व अंकांचा आहे. वाक्य येते ते शिळेच्या तळाशी, कुटुंबीयांनी निवडलेल्या ओळीत. पहिल्या महायुद्धानंतर या ओळीला मोकळ्या जागा धरून ६६ चिन्हांची मर्यादा होती. एकाच दगडावर असे दोन निवेदक बोलतात : वर शासन, खाली घर.

३.३.३ नाव की संख्या?

समतेचे हे तत्त्व सर्वत्र पाळले गेले नाही. पुणे डिव्हिजनमधून १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. १९२९ साली उभारलेल्या बसरा येथील स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची व भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. सामान्य भारतीय शिपायांची मात्र पलटणीगणिक केवळ संख्या दिली गेली. अशा विषम वागणुकीची कबुली आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात दिली.

पहिल्या महायुद्धानंतर भारतातील अनेक गावांत बसविलेल्या स्मृतिशिळांची रचनाही अशीच आहे : या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाचे ४६ सैनिक त्या युद्धात मृत्यू पावले. ‘४६’ हा आकडा गावाचा अभिमान व्यक्त करतो. परंतु त्यातील एकाच्या पत्नीला वा मुलाला त्या अंकात आपला माणूस सापडत नाही.

याउलट थडगे नसूनही नाव उरू शकते. माणगाव तालुक्यातील यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना मृत्यू पावले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे थडगे नाही. कॅसिनो येथील स्मारकावर नाव मात्र आहे.

३.३.४ क्रियापदाची निवड

मराठीत सैनिकाच्या मृत्यूसाठी अनेक प्रयोग रूढ आहेत. ‘कामी आला’ हा प्रयोग मरणाकडे कार्याच्या, पर्यायाने धन्याच्या बाजूने पाहतो. ‘धारातीर्थी पडला’ यात शस्त्राची धार हेच तीर्थ होते. ‘हुतात्मा’ या शब्दात यज्ञातील आहुतीची कल्पना आहे, तर ‘शहीद’ या अरबी शब्दाच्या मुळाशी साक्ष देण्याची. ‘मरण पावला’ हा प्रयोग तुलनेने तटस्थ. छावणीत तापाने दगावलेल्या शिपायाला यांपैकी कोणता शब्द लावावयाचा? गौरवाचे शब्द रणांगणासाठी घडले; रोगाने मेलेल्यांसाठी भाषेने तसे शब्द राखले नाहीत.

३.४ समारोप

वीरगळ कृती सांगतो आणि नाव स्मरणावर सोडतो. खडकीची शिळा नाव देते आणि कृतीविषयी मौन पाळते. संख्येची शिळा दोन्ही वगळते. म्हणून कोणत्याही स्मृतिशिळेपुढे तीन प्रश्न विचारावेत : येथे कोण बोलत आहे? मृताला नाव दिले आहे काय? त्याच्या मरणासाठी कोणते क्रियापद वापरले आहे? दगडाला जागा कमी असते हे खरे. पण ती जागा कोणाला द्यावयाची, हा निर्णय माणसांचा असतो.

३.५ स्वाध्याय

१) ‘समाधी’ या शब्दातील अर्थविस्तार सोदाहरण स्पष्ट करा.
२) ‘एकाच शिळेवर दोन निवेदक बोलतात’ या विधानाची चर्चा करा.
३) आपल्या गावातील वा परिसरातील एखादी स्मृतिशिळा पाहून तिच्यावरील मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्या. मजकूर नसल्यास वडीलधाऱ्यांकडून तिच्याविषयीची माहिती लिहून घ्या आणि वरील तीन प्रश्नांच्या आधारे टिपण तयार करा.