मोटारसायकलीस वारा अडविणारी काच लावल्यावर गाडी का डुलते?

वऱ्हाडातील कास्तकाराच्या दारी बैलजोडीशेजारी मोटारसायकल उभी दिसणे यात आता नवल राहिलेले नाही. शेतावर डबा पोहोचविणे, बियाणे व औषधे आणणे, बाजार समितीत जाऊन कापसाचा व तुरीचा भाव पाहून येणे ही सर्व कामे तिच्यावरच होतात. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर चढला म्हणजे समोरून येणारी झळ छातीत बसते, आणि पावसाळ्यात पाण्याचे सपकारे व चिलटे डोळ्यांत जातात. यास्तव पुष्कळ लोक हँडलावर वारा अडविणारी काच, जिला बाजारात विंडशील्ड म्हणतात, ती बसवून घेतात. सोय उत्तम आहे. परंतु ही काच बसविल्यावर काही गाड्या वेगात डुलू लागतात, हँडल थरथरते, किंवा गाडी एका अंगास ओढते. हा दोष ओळखावा कसा व दूर करावा कसा, हे या लेखात क्रमाने सांगण्याचे योजिले आहे.

मूर्तिजापूर भागातील एका सभासदाचा अनुभव आरंभी देतो. त्यांनी उन्हाळ्याच्या तोंडी आपल्या गाडीस उंच काच बसविली. गावच्या रस्त्यावर काही जाणवले नाही. पुढे महामार्गावर ताशी ७० किलोमीटरच्या सुमारास गाडीचे मागील अंग सापासारखे हलू लागले. मागे युरियाची ४५ किलोची गोणी होती. घाबरून त्यांनी पुढचा ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या कडेस उतरली व सुदैवाने तुरीच्या मऊ शेतात थांबली. दुरुस्ती करणाराने हँडलाचा कोनसेट आवळून दिला, तेव्हा गाडी मंद वेगातही सरळ चालेना. शेवटी गाडी विकून टाकण्यापर्यंत गोष्ट आली. दोष कोठे होता, हे लेखाच्या शेवटी कळेल. तोपर्यंत वाचकांनी स्वतः तर्क करावा.

प्रथम वाऱ्याचे बळ किती असते ते पाहू. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. दीड फूट उंच व दीड फूट रुंद अशी काच उभी बसविली, तर निवांत हवेत ताशी ४० किलोमीटर वेगाला तिच्यावर सुमारे दीड किलो, ६० ला सुमारे साडेतीन किलो, व ८० ला सहा किलोंहून अधिक भार पडतो. त्यात समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर ६० च्या वेगाने जाणाऱ्या गाडीस ९० चा वारा लागतो आणि भार सव्वादोनपट होतो. काच नसताना हाच वारा स्वाराच्या छातीवर येत असे व स्वार बैठकीवर बसून तो सोशीत असे. आता तो काचेवर येतो, आणि काच हँडलास जखडलेली असल्यामुळे थेट हँडलावर उतरतो. सर्व घोटाळ्याचे मूळ या एका गोष्टीत आहे.

दुसरी गोष्ट तोलाची. बैलगाडीत माल मागे जास्त भरला म्हणजे गाडी उलाळ होते व जू बैलांच्या मानेवरून उचलू पाहते, हे कोणास सांगावयास नको. मोटारसायकलीचेही तसेच आहे. उंच काचेवर वाऱ्याचा रेटा जितका वर बसेल, तितके पुढचे चाक हलके होते व मागचे जड होते. त्यात मागील कॅरिअरवर गोणी किंवा दुधाचे कॅन असतील तर गाडी दोन्ही कारणांनी उलाळ होते. पुढचे चाक हलके झाले की रस्त्यावरची त्याची पकड कमी होते व गाडी आपला मार्ग सोडू लागते.

आता दोषांची लक्षणे. ही चार प्रकारची असून त्यांचे उपाय निरनिराळे आहेत. सबब एकात दुसरे मिसळू नये.

पहिला प्रकार डुलण्याचा. यात सबंध गाडी सेकंदास सुमारे २ ते ४ वेळा डावी-उजवीकडे हेलकावे खाते, व मागील अंग अधिक हलते. वेग वाढविला की हे वाढते. याचे कारण बहुधा मागील ओझे, मागील टायरमधील कमी हवा, चिमट्याचे झिजलेले बुश किंवा फार उंच व उभी काच हे असते.

दुसरा प्रकार थरथरीचा. यात केवळ पुढचे चाक व हँडल सेकंदास सुमारे ४ ते १० वेळा हलते. मध्यम वेगात, विशेषतः गती कमी होत असता व हँडलावरील पकड सैल असता, हे दिसून येते. याचे कारण सैल कोनसेट, पुढच्या टायरची झीज, चाकाचे बेअरिंग किंवा हँडलावरील काचेचे वजन हे असते.

तिसरा प्रकार एका अंगास ओढण्याचा. काच मध्यावर नसणे, एक क्लॅम्प पुढे व एक मागे असणे, किंवा मागचे चाक साखळी ताणताना तिरपे बसणे ही त्याची कारणे होत.

चौथा प्रकार गाडीचा नसून स्वाराचा आहे. काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेला वारा भोवरे करीत डोक्यावर आदळतो. शिरस्त्राण हलते, नजर ठरत नाही, आणि स्वार नकळत हँडल ताठ धरतो. त्या ताठपणामुळे गाडी डुलते, व दोष मात्र गाडीस लागतो.

परीक्षेचा क्रम असा ठेवावा. सर्वांत आधी काच काढून ठेवावी आणि त्याच रस्त्यावर, तितक्याच वेगाने, तितक्याच ओझ्यासह गाडी चालवून पाहावी. दोष तसाच राहिला तर काचेचा अपराध नाही. दोष पूर्वीपासून होता व काचेने तो केवळ उघड केला असता. दोष नाहीसा झाला तरीही पुढील तपासणी सोडू नये, कारण किंचित सैल असलेली गाडी काचेशिवाय बरी चालते व काच लागताच बिघडते.

नंतर टायर पाहावे. हवा सकाळी, गाडी चालविण्यापूर्वी, थंड टायरात मोजावी. तापलेल्या टायरातील माप खोटे अधिक दाखविते. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकातील आकडाच प्रमाण मानावा. १०० ते १५० सीसीच्या पुष्कळ गाड्यांत तो पुढे २५ व मागे २८ पौंडांच्या आसपास असतो, आणि मागे माणूस किंवा ओझे असल्यास मागील आकडा अधिक दिलेला असतो. टायर मधोमध झिजून सपाट झाले असल्यास बदलावे.

मग गाडी डबल स्टँडवर घेऊन एकाने मागे भार द्यावा, म्हणजे पुढचे चाक अधांतरी होईल. फोर्कची खालची टोके धरून पुढे-मागे ओढून पाहावी. खट्कन आवाज आला तर कोनसेट सैल आहे. हँडल हळूच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. मधोमध खाच लागल्यासारखे अडकले तर छर्ऱ्यांच्या वाट्या खराब झाल्या आहेत व त्या बदलाव्याच लागतील. आवळून भागणार नाही. जरुरीपेक्षा जास्त आवळलेला कोनसेट हँडलास आपोआप सरळ होऊ देत नाही, आणि मग मंद वेगातही गाडी नागमोडी जाते. त्यानंतर पुढचे चाक आडवे हलवून बेअरिंग, व मागचे चाक आडवे हलवून चिमट्याचे बुश तपासावे.

चाकांची ओळ पाहण्यास सुताराची दोरी पुरे. मागील टायरास वेढा देऊन दोरीची दोन्ही टोके दोहो बाजूंनी पुढील टायराच्या पुढे ताणून धरावी. हँडल सरळ असता पुढचे टायर दोन्ही दोऱ्यांपासून सारख्या अंतरावर असले पाहिजे. नसेल तर साखळीच्या दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवून मागचे चाक सरळ करावे.

एवढे झाल्यावरच काचेकडे वळावे. काचेच्या दोन्ही कडांपासून फोर्कच्या दांड्यांपर्यंतचे अंतर टेपने मोजून सारखे करावे. दोन क्लॅम्पांपेक्षा चार क्लॅम्पांवर बसविलेली काच कमी हलते. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेकची व ॲक्सिलरेटरची केबल काचेच्या पट्टीत अडकत नाही ना, हे पाहावे. इंजिन चालू असता हँडल वळविल्याबरोबर त्याचा आवाज चढला, तर केबल ताणली जात आहे असे समजून ती गाडी रस्त्यावर नेऊ नये.

सूप वाऱ्यास आडवे धरले तर हात ओढला जातो, तिरपे धरले तर वारा निसटून जातो. काचही तशीच किंचित मागे कलती ठेवावी. उंची इतकी असावी की नजर काचेतून नव्हे तर तिच्या कडेवरून रस्त्यावर जाईल. धुळीने किंवा पावसाने काच आंधळी झाली तरी मग मार्ग दिसतो. डोक्यावर वारा आदळत असल्यास काच बोटभर खाली किंवा वर करून पाहावी, अथवा तिच्या खालच्या कडेस दोन-तीन बोटे फट ठेवावी. त्या फटीतून थोडा वारा आत आला म्हणजे काचेमागील पोकळी भरून निघते व भोवरे मंदावतात. एका वेळी एकच बदल करावा, खडूने खूण ठेवावी व मग पुढचा बदल करावा. एकदम चार बदल केले तर गुण कशाचा व अवगुण कशाचा हे कळत नाही.

या काचा वस्तुतः प्लास्टिकच्या असतात. आपल्याकडील उन्हात त्या फुगतात. म्हणून बोल्टांची छिद्रे किंचित मोठी व खाली रबरी वॉशर असावेत, नाहीतर छिद्रापासून तडे जातात. पेट्रोलने काच पुसू नये. पुष्कळशा फवारणीच्या औषधांत असलेली द्रावकेही प्लास्टिकला खातात, यासाठी फवारणीहून आल्यावर साध्या पाण्याने काच धुवावी. तडकलेली काच जोराच्या वाऱ्यात अंगावर फुटते, हे ध्यानात असावे.

वाऱ्याचा हा त्रास केवळ आपल्याच गाड्यांस होतो असे नाही. इटलीतील मोटो गुझ्झी कंपनीने १९५० साली आपल्या कारखान्यात गाड्यांवरील वाऱ्याची परीक्षा करण्यासाठी खास वातबोगदा बांधला. त्या काळी शर्यतीच्या गाड्यांचे पुढचे चाकही झाकणारी मोठी आवरणे निघाली. त्यांनी वेग वाढला, पण आडव्या वाऱ्यात गाड्या आवरेनाशा झाल्या, आणि १९५७ च्या हंगामानंतर आंतरराष्ट्रीय मोटारसायकल संघाने अशा आवरणांस शर्यतीत बंदी केली. निष्णात स्वारांची जेथे ही गत, तेथे गोणी घेऊन जाणाऱ्या कास्तकाराने सावध असणे योग्यच होय.

आपल्या भागात ही सावधगिरी विशेष हवी. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती व अकोला यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घालण्यात आला व त्याची गिनीजच्या विक्रमांत नोंद झाली. खडबडीत रस्त्यावर जो वेग गाडीस कधी मिळत नसे, तो गुळगुळीत रस्त्यावर सहज मिळतो, व गाडीतील झाकलेला दोष तेथे बाहेर येतो. पावसाळ्याचे वारे पश्चिम-नैर्ऋत्येकडून येत असल्यामुळे अमरावतीहून अकोल्याकडे येणाऱ्यास ते पुष्कळदा समोरून लागतात. शिवाय मोठा ट्रक जवळून गेला की त्याचा वारा गाडीस प्रथम बाहेर ढकलतो व लगेच आत ओढतो. काच लावलेल्या गाडीस हा धक्का हँडलातच बसतो. म्हणून ट्रकापासून अंतर राखावे, आणि आभाळ भरून वावटळ उठली असता वेग उतरवावा किंवा थांबावे.

इतके करूनही गाडी वाटेत डुलू लागली तर काय करावे? पुढचा ब्रेक जोराने दाबू नये. वेग वाढवून सुटण्याचा प्रयत्नही करू नये. ॲक्सिलरेटर हळूहळू सोडावा, गुडघ्यांनी टाकी धरावी, अंग किंचित पुढे झुकवावे, हँडल घट्ट धरावे पण हेलकाव्याशी झुंजू नये. वेग उतरला की हेलकावे बहुधा आपोआप शमतात. मग गाडी कडेस घेऊन ओझे व काच तपासावी. परीक्षेसाठी गाडी चालविताना शिरस्त्राण घालावे, मोकळा रस्ता व सकाळची निवांत वेळ निवडावी, वेग ४० पासून हळूहळू वाढवावा, आणि हँडलावरून हात कधीही काढू नये.

आता आमच्या सभासदांच्या गाडीविषयी. काच काढून पाहता तोच हेलकावा थोडा कमी पण कायम होता. मागील टायरात हवा पुस्तकातील आकड्याहून पुष्कळ कमी निघाली, व गोणी कॅरिअरच्या अगदी शेवटच्या टोकास बांधली जात असे. काचेचा डावा क्लॅम्प उजव्यापेक्षा पुढे होता. हवा भरली, कोनसेट बेताचा सैल केला, काच मध्यावर घेऊन चार बोटे खाली उतरविली, आणि गोणी बैठकीला लागून बांधण्याचे ठरविले. नवा भाग एकही लागला नाही. गाडी आजही त्यांच्याकडेच आहे. वाचकांनी आपापल्या गाडीची ही तपासणी पेरणीची धावपळ सुरू होण्यापूर्वीच करून घ्यावी. तिफणीचे दाते आपण पेरणीआधी पाहतो. ज्या वाहनावर आपला जीव स्वार होतो त्याचे नटबोल्टही तितक्याच काळजीने पाहणे उचित आहे.